घरातला गोवर

लोकांना वाटतं, नर्सबाईचं काम म्हणजे सुई टोचणं. सुई टोचायला कितीसा वेळ लागतो? बाकी सगळा जन्म विचारण्यात जातो. घरात कुणाला ताप आहे का, अंगावर पुरळ उठलंय का, डोळे लाल झालेत का. आणि समोरचा माणूस अगदी शांत चेहऱ्याने नाही म्हणतो. त्या 'नाही'ने माझ्या नोकरीची निम्मी वर्षं खाल्ली आहेत.

माझी पहिली नेमणूक पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यांवर होती. एका घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला, दार ओढून घेतलेलं आणि ओट्यावर एक म्हातारबाबा बसलेले. मी विचारलं, "आबा, घरात कोणी आजारी आहे का?"

"नही बाई. बठ्ठा बरा शेतस."

तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. मी आबांकडे बघितलं. आबांनी माझ्याकडे बघितलं.

"बकरी खोकस," आबा म्हणाले.

मी दारातून आत डोकावायला गेले तर आबा उठून आडवे झाले. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं, पण त्यात लबाडी नव्हती. आमच्या खानदेशात पुष्कळ घरांत गोवर हा आजार धरतच नाहीत. माय घरी आली, असं म्हणतात. माय घरात आहे तोवर फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, बाहेरच्या माणसाने उंबरा ओलांडायचा नाही, आणि सुई तर नाहीच नाही. सुई टोचली की मायचा कोप होतो. म्हणजे ज्या आजारात मला त्या पोराच्या रक्ताचा थेंब हवा असतो, त्याच आजारात माझं तोंडही कुणाला बघायचं नसतं.

हे फक्त पाड्यावरच चालतं असं कोणी समजू नये. पुढे जळगावला बदली झाली तेव्हा बाजारपेठेतल्या एका राजस्थानी कापडवाल्यांच्या घरी गेले होते. तीन मजली घर, सूनबाई कॉमर्सच्या पदवीधर. तिने हसून दार उघडलं आणि अर्धंच उघडलं. "मॅडम, माताजी आल्या आहेत. आज गॅस पेटवायचा नाही आमच्यात." मला कालच्या थंड पुऱ्या आणि दही दिलं, अगदी आग्रहाने दिलं, पण मुलीला बघू दिलं नाही. त्यांचे डॉक्टर कागदावर व्हायरल ताप लिहून मोकळे झाले होते. पुऱ्या चांगल्या होत्या, हे कबूल करायला हवं.

आणि वर बसलेल्यांची तऱ्हा आणखी निराळी. देशातून गोवर हद्दपार करायचा आहे. फार चांगलं. त्याचं ठरलेलं साल पुढे सरकत राहतं, तेही मी समजू शकते. पण वरून सांगतात, ताप-पुरळाचे नमुने पाठवा, गोवर निघाला नाही तरी चालेल. कारण पोरांच्या अंगावर पुरळ कशानेही उठतं, आणि एखाद्या भागातून एकही नमुना आला नाही तर तिथे गोवर नाही असं नव्हे, तिथे कोणी शोधतच नाही असा अर्थ निघतो. हे मला पटतं. पण एक नमुना पाठवला की खालून बोंब सुरू. सरपंच म्हणतो, बाई, गावाचं नाव खराब केलं. आमचेच साहेब म्हणतात, एवढी घाई काय होती. नाही पाठवला तर कामचुकार, पाठवला तर आगलावी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये माझी पिशवी.

हे सगळं मी घरी जेवताना रोज सांगायची. आमचे हे निमूटपणे ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "बरं, भाजी वाढ." पालथ्या घड्यावर पाणी कसं असतं ते मी आमच्याच जळगावातल्या मेहरूणच्या घरात वर्षानुवर्षं बघितलंय.

मग माझी मुलगी धुळ्याहून माहेरी आली. कडेवर माझी नात. सहा महिने नुकतेच ओलांडलेले, गालाला खळी, आणि माझ्या चष्म्यावर तिचा डोळा.

गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतात. आईकडून आलेली शक्ती त्याआधीच ओसरायला लागते. मधले हे दोन-तीन महिने बाळ उघडं पडतं, आणि त्याला एकच आधार असतो, तो म्हणजे आजूबाजूच्या पोरांना गोवर नसणं. हे मी किती आयांना किती वेळा सांगितलं असेल याची गणतीच नाही. मुलीलाही सांगितलं होतं. ती म्हणाली, "हो गं आई, माहीत आहे मला."

माझं सासर नशिराबादच्या पुढे, हायवे सोडून आत, केळीच्या पट्ट्यात. तिथे थोरल्या जाऊबाई असतात. मी त्यांना अक्का म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापायला त्यांनीच शिकवलं आणि माझ्या दोन्ही बाळंतपणांत न्हाऊ-माखू त्यांनीच घातलं. जीव लावणारी बाई. पण हट्टी. त्यांच्या घरी दोन नातू, थोरला चार वर्षांचा आणि धाकटा अजून वर्षाचाही नाही. गावच्या नर्सने लसीला बोलावलं की थोरला नेमका मामाच्या गावाला गेलेला असायचा. मी फोनवर विचारायची, "अक्का, थोरल्याला लस दिली का?" "देली व माय, देली." पाड्यावरचे आबा नाही म्हणायचे, अक्का हो म्हणायच्या. मतलब दोघांचा एकच, की माझी पाठ वळली पाहिजे.

त्या थोरल्याला गोवर झाला. मला कोणी कळवलं नाही.

आमच्या भावकीत माय उतरवण्याची एक पद्धत आहे. पाचव्या दिवशी पोराला कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घालतात, केळीच्या पानावर गार दहीभाताचा नैवेद्य ठेवतात आणि जवळच्यांच्या पोराबाळांची पंगत बसवतात. जी बाळं अंगावर पितात त्यांना आजारी पोराच्या गोधडीवर घटकाभर निजवतात. मायला ओळख करून द्यायची, म्हणजे या बाळाकडे येईल तेव्हा ती हलक्या पावलाने येईल. ऐकायला किती गोड वाटतं! गोवर एका पोरातून दुसऱ्यात कसा न्यायचा यावर एखाद्याने वर्षभर डोकं चालवलं असतं तरी याहून पक्की युक्ती सापडली नसती.

त्यातून पाचव्या दिवशी पडत होती अमावस्या. अमावस्येला माय उतरवत नाहीत. म्हणून अक्कांनी शुभ बघून तिसऱ्याच दिवशी उतरवली. पाचव्या दिवशी पुरळ मावळायला लागलेलं असतं, धोका तरी जरा उतरलेला असतो. तिसऱ्या दिवशी पोर गोवराने नुसतं भरलेलं असतं.

त्या दिवशी माझं लसीकरणाचं सत्र होतं. मी दुसऱ्यांच्या पोरांना लस देत बसले होते, आणि आमचे हे मुलीला व नातीला गाडीत घालून 'बागेतली केळी आणायला' गावी गेले. संध्याकाळी परत आले. केळी खरंच आणली होती, अर्धा घड. रात्री हे म्हणाले, "मला जेवायला थोडंच वाढ, दुपारी दहीभात झालाय." मी म्हटलं, वा, तेलकट खाल्लं नाही हे बरं केलं. माझी हुशारी ही अशी.

पुढे दहा-बारा दिवसांनी नातीला सर्दी झाली. मग ताप चढला. डोळे लाल, पाणी गळतंय, उजेड सोसेना. मुलगी म्हणाली, दात येत असतील. मी मोबाईलचा टॉर्च लावून तिच्या गालाच्या आत बघितलं. आत मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके होते. अंगावर पुरळ उठायच्या आधी ते दिसतात. नोकरीत मी ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा बघितले असतील, कारण इतक्या लवकर मला कोणी बोलावतच नाही.

"कुठे नेलं होतंस हिला?" मी विचारलं.

मुलगी बाळाचं झबलं सारखं करत राहिली. आमचे हे पेपरात आणखी खोल शिरले. मग मुलगी रडायला लागली आणि एकेक गोष्ट बाहेर आली. अक्कांनी शपथ घातली होती. थोरल्याच्या अंगावर पुरळ होतं हे मुलीने डोळ्यांनी बघितलं होतं. गोधडीवर बाळाला ठेवताना तिच्या मनात आलंही होतं, पण सगळ्या बायका बघत होत्या आणि मोठी आई, म्हणजे अक्का, एवढ्या प्रेमाने हात पुढे करत होती.

माझा तोल गेला. "अगं, त्याच संध्याकाळी सांगायचं होतंस! सहा महिन्यांवरच्या बाळाला साथीत जादा डोस देता येतो, फक्त संपर्क आल्यापासून तीन दिवसांच्या आत द्यावा लागतो. तीन दिवस माझ्या पेटीत लस होती. तुझ्या पोरीपासून चार हातांवर मी झोपत होते. एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

ती डोळे पुसून म्हणाली, "आई, तुला काही सांगितलं की तू आधी ओरडतेस आणि मग ऐकतेस. हे सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणून कोणी सांगत नाही तुला."

ओरडू नको तर काय आरती ओवाळू? मी ह्यांच्याकडे वळले. हे म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत असेल." दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवा घरात आणि घरचेच डोळे मिटून बसलेले.

मी अक्कांना फोन लावला. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुले सांगतलं असतं तं तू सूया घिसन आली असती. माय घरात असताना सूया! मी पोरीचं भलंच केलं. हलकीच येईन तिले, पाहशीन तू." आणि फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

मी नात्याने आजी असले तरी हुद्द्याने नर्स आहे. नमुना पाठवायलाच हवा होता. नातीच्या रक्ताचा आणि घशातला नमुना घेतला, बर्फाच्या पेटीत ठेवला आणि कळवायला फोन हातात घेतला. इथून पुढे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. शहरातले साहेब म्हणाले, बाळाला लागण गावी झाली, मग केस गावची. गावाकडचे साहेब म्हणाले, ताप शहरात आला, मग केस शहराची. मग दोघांना एकदम सुचलं की बाळ राहतं धुळ्याला. धुळ्याचे साहेब म्हणाले, "मॅडम, ते बाळ तर महिनाभर आमच्याकडे नाहीच." मी म्हटलं, मग असं करते, बाळाला रेल्वेच्या डब्यात ठेवते, रेल्वेची केस करा. त्यावर ते हसले. मला हसू येत नव्हतं.

या ओढाताणीत पथक गावात पोचायला उशीर झाला. पोचलं तेव्हा अक्कांचं दार बंद होतं. आतूनच म्हणाल्या, आमच्याकडं सगळी पोरं बरी आहेत. पथकातल्या पोरीने मला फोन करून विचारलं, "मॅडम, हे तुमचंच घर ना?" मी हो म्हटलं. तिने लगेच फोन ठेवला, भली मुलगी.

अक्कांची माय काही हलक्या पावलाने आली नाही. पुरळ चेहऱ्यावरून खाली उतरत गेलं आणि मागोमाग नातीची छाती भरली. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला. तो खड्डा मी दुसऱ्यांच्या बाळांत बघितला आहे आणि त्यांच्या आयांना "घाबरू नका" असं सांगितलं आहे. काय मूर्ख वाक्य आहे ते! आम्ही तिला बालरुग्णालयात नेलं. व्हिटॅमिन एचा डोस दिला, सलाईन लागलं, नाकात ऑक्सिजनची नळी बसली. तिचा रडण्याचा आवाज जाऊन नुसतं कण्हणं उरलं. मुलगी तिच्या पायाचा अंगठा धरून बसून राहायची. मी बाहेरच्या बाकावर बसायची आणि मनातल्या मनात अक्कांशी भांडायची. काय काय बोलायचं ते सगळं तयार होतं, नीट ओळीने लावलेलं, शेवटच्या शिवीपर्यंत.

आमचे हे डबा घेऊन यायचे. एकदा म्हणाले, "तिलाही वाईट वाटत असेल." मी म्हटलं, "वाटू द्या." त्यांनी डब्याचं झाकण उघडून दिलं आणि मी न जेवताच ते परत लावलं.

नमुन्याचा निकाल आला. गोवरच. आमच्या साहेबांनी फोन केला, आधी नातीची चौकशी केली आणि मग म्हणाले, "एका दृष्टीने बरं झालं मॅडम. आपल्या भागातून केस पकडली गेली. वरचे खूश आहेत, तुमचं सर्वेक्षण चांगलं आहे म्हणाले." केस पकडली कुठे? ती माझ्या मांडीवर येऊन बसली, चष्मा ओढला, आणि तरीही मला कळली नाही. मी "हो सर" म्हटलं. नोकरीत तेवढं एक वाक्य फार उपयोगी पडतं.

पुढे एका सकाळी डॉक्टरांनी नळी काढली. नातीने थोडा वेळ इकडेतिकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. पुरा वॉर्ड दणाणला. मुलगी हसत होती, रडत होती, तिला दूध पाजायला घेत होती. मी बाहेर येऊन बाकावर बसले. कान फुटला होता, वजन उतरलं होतं, पुढे पुष्कळ जपायचं होतं. पण पोर रडत होतं, आणि मला तेवढं पुरे होतं.

तेवढ्यात फोन वाजला. अक्का.

मी उचलला.

"धाकट्याले ताप हाये," अक्का म्हणाल्या. "डोये लाल झाले. कालपासून दूध घेत नही."

थोरल्याच्या वेळी धाकटा सुटला होता, आता पंगतीतल्या पोरांकडून फेरी त्याच्यावर आली होती.

"अजून दाराले लिंब नही लावला मी. कोनाले सांगतलं नही. पहिले तुले फोन केला." मग आवाज एकदम बारीक झाला. "तू ये. पन वरडू नको व माय. माह्या जिवात जीव नही."

माझी सगळी वाक्यं तयार होती. इतक्या दिवसांची घोकलेली. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "निघाले." बाईच्या जातीत एवढा संयम मी माझ्या माहितीत प्रथमच बघितला, आणि तोही माझ्यात.

गावच्या नर्सला फोन करून पुढे जायला सांगितलं, पेटी घेतली, स्कूटी काढली. हायवेला लागले आणि मग मात्र राहवलं नाही. हेल्मेटची काच खाली ओढली आणि आत एकटीच ओरडत सुटले. गोधडीवरून ओरडले, अमावस्येवरून ओरडले, 'देली व माय देली'वरून ओरडले. तिन्ही साहेबांना घेतलं, आमच्या ह्यांना घेतलं, दहीभाताला घेतलं. नशिराबादच्या गर्दीत वेग कमी झाला तेव्हा शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे टकमक बघत होता. त्याच्यावरही ओरडले. हायवे सोडून केळीच्या बागांतून आत वळले तोवर घसा पार बसला होता, आणि शब्द संपले होते.

दार सताड उघडं होतं. धाकट्याला खांद्यावर घेऊन अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या, मान खाली घालून, माझ्या ओरडण्याची वाट बघत.